सोलापूरचे वसतिगृह, १९२५

४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात दलित विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. सभा आदल्या वर्षीच्या जुलैत मुंबईत स्थापन झाली होती. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, पण कामाची धुरा व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. सोलापुरातले कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे या वसतिगृहाच्या कामात पुढे होते. मुलांचे जेवण, कपडे आणि लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला, तर सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान मंजूर केले. आंबेडकरांच्या चरित्रात हा प्रसंग दोन-चार ओळींत आटोपतो, कारण पुढे महाड आहे, गोलमेज परिषद आहे, राज्यघटना आहे. तरीही प्रतिकूल परिस्थितीत विद्यार्थी टिकतो कसा, या प्रश्नाचे आपल्याकडचे सर्वांत स्वच्छ उत्तर मला या वसतिगृहाच्या हिशेबात दिसते. टिकून राहण्याची ताकद उपदेशाने येत नाही. तिला रोजचा खर्च लागतो आणि तो कोणीतरी करावा लागतो.

त्या काळी गावात प्राथमिक शाळा कशीबशी असे; इंग्रजी शिक्षणासाठी शहर गाठणे भाग होते. शहरात आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी समाजाने सोय लावून ठेवलेली होती. सात घरी सात वार जेवायचे, नाहीतर माधुकरी मागायची. त्यात अपमान होता, उपासही घडत. पण शिकणाऱ्या मुलाला अन्न देणे हे पुण्यकर्म मानले जाई, म्हणून तो तग धरू शके. ज्या जातींकडे असा रिवाज नव्हता त्यांच्यासाठी बोर्डिंगे उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहांना आधार दिला. दलित मुलाला मात्र वार लावून देणारे घर नव्हते आणि भाड्याने खोली देणारा मालकही नव्हता. १९२३ मध्ये कायदेमंडळाचे सदस्य बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक शाळा, विहिरी, धर्मशाळा दलितांना खुल्या करण्याचे धोरण मुंबई कायदेमंडळाने मान्य केले. पण शाळेचे दार उघडले तरी शाळा सुटल्यावर रात्री कुठे निजायचे, हा प्रश्न त्या ठरावाच्या कक्षेत नव्हता. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात तर हातापायाने धड झालेल्या मुलाला कमाईचा रस्ता समोरच दिसे. अशा मुलाने शाळा सोडली की त्याला शिक्षणाची गोडी नाही, असा शेरा मारला जाई. सोय नसल्याचा दोष स्वभावाच्या माथी मारण्याची ही सवय अजून गेलेली नाही.

वसतिगृहाच्या यशाचा सर्वांत बोलका पुरावा निराळाच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. ज्यांच्या घराण्यात अक्षराला बंदी होती ती मुले दर महिन्याला स्वतःचे लिहिणे लोकांपुढे ठेवू लागली. जेवणाची भ्रांत मिटली म्हणून मुले सुस्तावली नाहीत. उलट, अभ्यासाव्यतिरिक्त एक जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. आपले म्हणणे मांडायला जागा आहे, ते वाचणारे कोणी आहे, हा विश्वास परीक्षेतल्या अपयशातही मुलाला उभा ठेवतो.

याच शहरात याच काळात मुलांना घडवण्याचा दुसरा प्रयोग चालू होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवण्याची वसाहत, होती. तिथेही शाळा होती, पण कुंपणाच्या आत. मोठ्यांना हजेरी चुकवता येत नसे, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे. मुलांना आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत घालण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने सरकारला दिला होता. शिस्तीने माणूस कणखर होतो, अशी त्यामागची धारणा होती. सेटलमेंटमधूनही शिकलेली, कर्तबगार माणसे निघाली, हे खरे. पण ती कुंपणामुळे निघाली असे म्हणणे म्हणजे त्यांच्या धडपडीचे श्रेय त्यांना अडवणाऱ्यांना देणे होय.

आंबेडकर स्वतः परळच्या चाळीत, एका खोलीत शिकले. कष्टांनीच ते घडले. मग सोयी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यांच्या कष्टांबद्दल वाद नाही. पण मॅट्रिकनंतर केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून कॉलेज पुरे झाले. १९१३ मध्ये कोलंबियाला जाता आले तेही बडोद्याच्याच पैशावर. बाहेरच्या आधाराची किंमत ज्याने स्वतः जाणली होती, त्याने पहिल्या संस्थेच्या पहिल्या कामांत वसतिगृह घातले, हे मला योगायोगाचे वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जातवार वसतिगृहांनी जातच पक्की होते. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवून श्रेष्ठ मार्ग दाखवला, यात शंका नाही. मात्र ज्या शहरात एकत्र राहण्याची सोय नव्हती, तिथे त्या आदर्शाची वाट पाहत दलित मुलाने शाळेची वर्षे घालवायची का? वेगळे छप्पर हा त्या क्षणीचा नाइलाज होता.

वसतिगृह लहान होते आणि सभाही १९२८ मध्ये विसर्जित झाली. पण विचार टिकला. त्याच वर्षी मुंबई सरकारने दलित विद्यार्थ्यांसाठी पाच वसतिगृहे मंजूर केली. पुढे आंबेडकरांनी सिद्धार्थ आणि मिलिंद ही महाविद्यालये उभारली. आज शाळा-कॉलेजांत मनोबल वाढवण्यासाठी व्याख्याने होतात, समुपदेशक नेमले जातात. ते हवेच आहे. पण २०१६-१७ पासून महाराष्ट्र शासन ‘स्वाधार’ योजनेत, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना जी रक्कम देते, तिचे मुख्य भाग भोजन, निवास आणि निर्वाह हेच आहेत. परगावी शिकणाऱ्या मुलाचे वर्ष पुरे होईल की नाही, हे पुष्कळदा ही रक्कम जूनमध्ये हाती पडते की मार्चमध्ये, यावर ठरते.