सर्पगंधा, टीबीचं औषध आणि माझी आजी

आजोबा गेल्यावर माझी आजी गप्पच झाली. दूध उतू जायचं, किल्ल्या सापडायच्या नाहीत. घरच्यांनी ठरवूनही टाकलं, डिमेन्शिया. वय झालं, दुसरं काय! पण असे आजार आणि मेंदूतली रसायनं यांचं नातं पहिल्यांदा कळलं कसं, हे शोधायला बसलो, तर धागा थेट मुंबईत निघाला.

१९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी एका ब्रिटिश जर्नलमध्ये लिहिलं, की सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. वैद्य लोक ही मुळी आधीपासून वापरतच होते. पुढे तिच्यातून रिसर्पीन वेगळं काढलं गेलं, गोळ्या जगभर गेल्या. पण काही पेशंट रक्तदाब उतरूनही उदास, खचलेले दिसायला लागले. १९५५ मध्ये अमेरिकेत प्रयोगातल्या प्राण्यांवर दिसलं, की रिसर्पीन मेंदूतला सिरोटोनिनचा साठाच रिकामा करतं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये बरोब्बर उलटं घडलं. १९५२, सी व्ह्यू हॉस्पिटल. टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं हसायला-बोलायला लागली! सिरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम हे औषध अडवतं. १९५७ मध्ये ते डिप्रेशनसाठी वापरलं गेलं.

मग सोपं गणित मांडलं गेलं: रसायन कमी, माणूस उदास. रील्सवर अजून हेच चालतं. मला ते पटत नाही. आजच्या नेहमीच्या गोळ्या सिरोटोनिनवर काही तासांत काम सुरू करतात, पण मन उभारी धरायला काही आठवडे जातात. मधल्या काळात मेंदूत बरंच काही चालू असतं.

अल्झायमरचं प्रकरण वेगळं. १९७६ मध्ये एडिनबराच्या संशोधकांना मृत रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन बनवणारं एन्झाइम खूप कमी सापडलं. आठवणींसाठी हे रसायन लागतं. डोनेपेझिल ते मोडू देत नाही, पण पेशी मरायच्या थांबत नाहीत.

आणि आजी? डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "विसरतात ही तक्रार कुणाची, तुमची की त्यांची?" आजीच रोज रडायची, "मला काही आठवत नाही रे." डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा डिमेन्शियात माणसाला आपण विसरतोय हेच कळत नाही. आधी डिप्रेशन बघू.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांनी मी गॅसवर दूध ठेवून मोबाईल बघत बसलो होतो. आतून आवाज आला, "अरे, दूध बघ!"