बिनानिविदा मक्त्याची कुळकथा

सरकारी रुग्णालयाने डॉक्टरांची सेवा विकत घ्यावी आणि तीही निविदा न मागविता, हे ऐकताच कोणाही हिशेबनिसाच्या कपाळावर आठी चढावी. परंतु अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ज्यांनी या रिवाजाचे बीज पेरले, ते लबाड नव्हते, किंबहुना त्यांचा हेतू उदात्तच होता.

१९४५ साली माजी सैनिक प्रशासनाची सूत्रे जनरल ओमर ब्रॅडली यांच्या हाती आली, तेव्हा महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांचा लोंढा दाराशी होता आणि रुग्णालयांत डॉक्टरांची वानवा होती. त्यांचे वैद्यकीय प्रमुख पॉल हॉली आणि शिकागोचे अस्थिशल्यविशारद पॉल मॅग्नुसन यांनी ही रुग्णालये वैद्यक महाविद्यालयांशी जोडण्याचा घाट घातला. ३ जानेवारी १९४६ च्या कायद्याने डॉक्टरांच्या नेमणुका मुलकी नोकरीच्या जाचातून सुटल्या. ३० जानेवारीस ‘धोरणपत्र क्रमांक २’ निघाले आणि रुग्णसेवेची जबाबदारी सरकारकडे, तर शिक्षणाची विद्यालयाकडे, अशी वाटणी ठरली. शिकागोजवळच्या हाइन्स रुग्णालयात ही सोयरीक प्रथम जुळली.

सोयरिकीत देण्याघेण्याची कलमे नंतर आली. १९६६ च्या कायद्याने दुर्मिळ वैद्यकीय साधनांच्या देवघेवीस मुभा दिली, १९९६ च्या कायद्याने ती विस्तारली आणि संलग्न विद्यालयाशी स्पर्धेविना करार करण्याची वाट प्रशस्त झाली. युक्तिवाद लंगडा नव्हता: शिकाऊ डॉक्टरांवर देखरेख करणारा प्राध्यापकच भूल देण्यास किंवा हृदयशस्त्रक्रियेस हवा असेल, तर तेथे स्वस्त दराचा परका मक्तेदार काय कामाचा?

अडचण निराळीच होती. किती तासांची सेवा हवी हे सांगणारा रुग्णालयाचा विभागप्रमुख पुष्कळदा त्याच विद्यालयाचाही पगारदार असे. म्हणजे मागणी करणारा आणि मोबदला घेणारा यांची चूल एकच. फेब्रुवारी २००५ मध्ये माजी सैनिक खात्याच्या महानिरीक्षकांनी या करारांची झाडाझडती घेतली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये निर्देश क्रमांक १६६३ निघाला. विद्यालयाशी हितसंबंध असलेल्यांनी कराराच्या वाटाघाटींपासून दूर राहावे, आणि पाच लक्ष डॉलर वा त्याहून मोठ्या रकमेचा बिनानिविदा प्रस्ताव मंजुरीपूर्वी महानिरीक्षकांच्या तपासणीस जावा, असा दंडक बसला. स्पर्धा नसल्यामुळे बाजारभाव उपलब्ध नसतो. म्हणून तपासनीस विद्यालयाचे दप्तरच मागवितात, डॉक्टरचे प्रत्यक्ष वेतन व भत्ते पाहतात आणि मागितलेल्या तासांची खरोखर गरज आहे काय हे ताडतात.

करार झाल्यावर मात्र खरी कसोटी हजेरीची. वेतनाचा आकडा दप्तरात सापडतो. डॉक्टर ठरलेल्या वेळी शस्त्रक्रियागृहात होता की रस्त्यापलीकडील विद्यापीठाच्या रुग्णालयात, हे पाहण्यास जागेवर डोळे लागतात, आणि हजेरीपत्रकावर सही करणारा त्याचाच विद्यालयीन सहकारी असण्याचा संभव असतो.