बोरीकरांचे ग्रंथ आणि सकळ लिपि

परभणीहून जिंतूरकडे जातांना बोरी हें गांव लागतें. ह्या गांवाचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत राहिलें तें एका कवीच्या उपनामामुळें. भास्करभट्ट बोरीकर हे ते कवि. महानुभाव पंथांत ते कवीश्वर म्हणून ओळखले जातात आणि परभणीकडील परंपरा त्यांचें नातें ह्याच बोरीशीं जोडते. 'शिशुपालवध' व 'उद्धवगीता' हे त्यांचे दोन ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभींचे. असें असूनही विसावें शतक उजाडेपर्यंत पंथाबाहेरील मराठी वाचकास ह्या ग्रंथांची ओळख नव्हती. हे ग्रंथ भूमींत गाडले गेले नव्हते, आगींत जळले नव्हते, परदेशींही गेले नव्हते. मराठी बोलणाऱ्या माणसांच्या मठांत ते रोज पूजिले जात होते. मग ते हरवले कसे आणि सांपडले कसे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींनीं आपला उपदेश लोकांच्या मराठींत केला. स्त्रिया आणि सर्व वर्णांचे लोक त्यांच्या सभोंवतीं बसून तो ऐकत. स्वामींनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. ते दृष्टीआड झाल्यावर म्हाइंभटांनीं रिद्धपुरास त्यांच्या आठवणी गोळा करण्याचें कार्य आरंभिलें. ज्यानें जो प्रसंग डोळ्यांनीं पाहिला, त्याच्या तोंडून तो ऐकावा, ताडून घ्यावा आणि मग लिहावा, अशी त्यांची रीति होती. ह्या उद्योगांतून 'लीळाचरित्र' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यांत एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या कथनांची नोंद निराळी ठेवलेली आढळते. कोणाचें म्हणणें काय, हें झांकून टाकण्याची घाई तेथें नाहीं. इतिहास लिहूं पाहणाऱ्यास आजही हा वस्तुपाठ होय.

केसोबासांनीं स्वामींचीं वचनें निवडून सूत्रपाठ रचिला, तसाच ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. हत्ती चांचपून पाहणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यांतच आहे. कोणी पाय धरला, कोणी कान, कोणी शेपूट. प्रत्येकास हत्तीचा एकेक भाग कळला आणि प्रत्येकास वाटलें कीं हाच हत्ती. हेच केसोबास संस्कृतांत रचना करूं लागले, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस थांबविलें, असें 'स्मृतिस्थळ' सांगतें. संस्कृत ग्रंथ झाला तर आपल्या भोळ्या वृद्ध स्त्रिया त्या लाभास मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. ज्ञान कोणासाठीं आहे, ह्या प्रश्नाचें इतकें निःसंदिग्ध उत्तर त्या काळीं क्वचितच कोणी दिलें असेल.

भास्करभट्ट ह्याच मंडळींतले. त्यांच्या पहिल्या काव्याविषयीं पंथांत एक गोष्ट सांगितली जाते. 'शिशुपालवध' पुरा झाल्यावर त्यांनीं तो आपल्या ज्येष्ठ गुरुबंधूंस दाखविला. नांव वधाचें, परंतु काव्याचा मोठा भाग कृष्ण-रुक्मिणीच्या शृंगारानें आणि ऋतुवर्णनानें नटलेला. ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण संसार सोडलेल्यांस तो उपयोगी नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. कवीनें त्यावर वाद घातला नाहीं. भागवताचा एकादशस्कंध हातीं घेऊन त्यांनीं 'उद्धवगीता' रचिली. मराठींत एकादशस्कंधावर झालेली ही पहिली रचना होय. एकनाथांचें भागवत पूर्ण झालें तें १५७३ सालीं, म्हणजे त्यानंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं. एकनाथी भागवत घरोघर पोंचलें. बोरीकरांची उद्धवगीता मात्र मठाचा उंबरठा ओलांडूं शकली नाहीं.

ह्याचें कारण लिपींत आहे. चौदाव्या शतकांत पंथीय मंडळींनीं आपले ग्रंथ सांकेतिक अक्षरांत लिहिण्यास आरंभ केला. 'सह्याद्रिवर्णन' लिहिणारे रवळोबास हे 'सकळ' लिपीचे कर्ते, असें परंपरा मानते. एका अक्षराच्या जागीं दुसरें योजावयाचें आणि कांहीं ठिकाणीं शब्दांचा संक्षेप करावयाचा, अशी तिची घडण. पुढें सुंदरी इत्यादि आणखी लिप्या झाल्या. राज्यें उलथत होतीं. वेदांचा व वर्णांचा अधिकार न मानणाऱ्या ह्या पंथास स्वकीयांकडूनही विरोध होता. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हातीं पडूं नये, ही श्रद्धाही होती. ह्या सर्वांचा परिणाम असा झाला कीं, जी विद्या म्हाताऱ्यांनाही कळावी म्हणून मराठींत सांगितली, तीच पुढें सुशिक्षित मराठी माणसासही वाचतां येऊं नये अशा अक्षरांत बंद झाली.

ह्या कुलुपानें लाभ झाला नाहीं असें नाहीं. परक्या माणसाचा हात लागला नसल्यामुळें जुनी भाषा पुष्कळ अंशीं टिकली. महानुभाव साधु पंजाबांत आणि पुढें काबूलपर्यंत गेले, तेव्हां मराठी पोथ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. परंतु त्याचें मोलही मोठें द्यावें लागलें. ज्याचे ग्रंथ कोणास वाचतां येत नाहींत, त्याच्याविषयीं कोणीही कांहींही बोलावें! 'मानभावी' ह्या शब्दास मराठींत जो ढोंगीपणाचा अर्थ चिकटला, तो ह्या पंथाच्या नांवावरूनच. एका समाजाच्या नांवाची शिवी झाली आणि तिचें खंडन करणारा पुरावा त्याच समाजाच्या कपाटांत, न वाचतां येणाऱ्या अक्षरांत पडून राहिला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हें कुलूप निघालें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे ह्यांनीं सांकेतिक लिपीचा उलगडा करण्याचे परिश्रम केले. पंथांतील कांहीं महंतांनीं विश्वासानें पोथ्या दाखविल्या. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वता'ची दुसरी आवृत्ति १९१९ सालीं निघाली, तींत हें वाङ्मय प्रथमच मोठ्या वाचकवर्गापुढें आलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे ह्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ चा. ह. ना. नेने ह्यांनीं लीळाचरित्राचे भाग छापण्यास १९३६ च्या सुमारास आरंभ केला. वि. भि. कोलते ह्यांनीं १९३५ सालीं भास्करभट्टांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९७८ सालीं संपूर्ण लीळाचरित्राची संपादित आवृत्ति महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाकडून प्रसिद्ध झाली. उघडण्याचा हा उद्योगही असा पाऊणशें वर्षें चालला होता.

त्यांतून हातीं आलें काय? यादवकालीन मराठी गद्य कसें होतें, हें प्रथमच कळलें. तोंवर आपल्या जुन्या वाङ्मयाचें चित्र मुख्यतः ओवीचें होतें. आतां त्या काळचीं माणसें प्रत्यक्ष बोलूं लागलीं. तीं काय जेवत, काय नेसत, कोणता धंदा करीत, वाटेंत कोठें उतरत, हें लीळाचरित्रांत सहज येऊन गेलें आहे. स्थानपोथींत स्वामींच्या मुक्कामाचीं गांवें व देवळें दिशांसह सांगितलीं आहेत. राजांच्या ताम्रपटांत जें मिळत नाहीं, तें सामान्य जनांचें जीवन ह्या ग्रंथांनीं राखून ठेविलें. 'धवळे' रचणाऱ्या महदंबेचें नांव मराठींतील आद्य कवयित्री म्हणून आज शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. तेंही ह्याच भांडारांतून बाहेर आलेलें.

जुना ग्रंथ सांपडणें म्हणजे केवळ एखाद्या माळ्यावरची धूळ झटकणें नव्हे. ग्रंथ जपणाऱ्याचा विश्वास आधीं मिळवावा लागतो, त्याची भाषा व त्याचें अक्षर शिकावें लागतें, आणि वाचून झाल्यावर आपल्या जुन्या समजुती सोडण्याची तयारीही ठेवावी लागते. दृष्टांतांतील जन्मांधांप्रमाणें मराठी वाङ्मयाचा इतिहास दीर्घकाळ एकच अंग चांचपून समाधान मानीत होता. बोरीकरांचे ग्रंथ वाचतां येऊं लागल्यावर त्याला दुसरें अंग सांपडलें. मठांतील आणि घराघरांतील कितीतरी पोथ्यांचीं फडकीं अद्याप सोडावयाचीं आहेत. त्या सोडणाऱ्याच्या मनांत नागदेवाचार्यांची ती चिंता असावी: वाचलेलें ज्यांच्यासाठीं लिहिलें होतें, त्या साध्या माणसांपर्यंत तें पोंचलें पाहिजे.