मुखवट्याचं वय

नाटकाच्या रंगपटात माझी ३७ वर्षं गेली. टोप, मिशा, रबरी नाकं, जखमा, हेच काम. रबर म्हातारं होतं, हे मी पुस्तकात नाही, ट्रंकेत पाहिलं. एका बालनाट्यातल्या राक्षसाचा मुखवटा अजून जपून ठेवलाय. केला तेव्हा हिरवागार होता. आज कानाच्या पाळ्या चिकट झाल्यात, हनुवटीला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्यात, आणि जरा वाकवला की आतून भुगा सांडतो. दर पावसाळ्याआधी पावडर मारतो, तरीसुद्धा.

म्हणून २०१८ साली ‘हॅलोवीन’ हा भयपट पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा मी गोष्टीच्या आधी मुखवटा पाहिला.

मूळचा सिनेमा १९७८चा. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि सहलेखिका डेब्रा हिल यांनी तो सुमारे तीन लाख डॉलरांत, जेमतेम २० दिवसांत उरकला. गोष्ट इलिनॉयमधल्या एका कल्पित गावातल्या ऑक्टोबरची, चित्रण कॅलिफोर्नियातल्या वसंतातलं. मग रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या ठिकाणी न्यायची. आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मुखवटा तर दोन डॉलरांच्या आतला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा, दुकानात मिळणारा. टॉमी ली वॉलेसने त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले आणि वर पांढरा रंग फवारला. बस. चेहरा माणसाचा राहिला, पण त्यातला माणूस गेला. मुखवटा घालणारा निक कॅसल हा कार्पेंटरचा कॉलेजातला मित्र. श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे ‘द शेप’, आकार, एवढंच आहे. मुखवट्यामागचा खुनी मायकल मायर्स का मारतो, याचं उत्तर सिनेमा देत नाही. भीती तिथेच आहे.

पुढच्या भागांनी ती जागा भरायला घेतली. पहिल्या सिनेमात त्याच्या तावडीतून वाचलेली लॉरी १९८१च्या दुसऱ्या भागात त्याची बहीण निघाली. हे स्वतः कार्पेंटर आणि हिल यांनीच लिहिलं. १९८२ साली मायकलला वगळून वेगळीच गोष्ट केली, ती लोकांनी नाकारली. १९८८ साली त्याला परत आणलं, तेही नावातच ‘पुनरागमन’ लिहून. १९९५पर्यंत त्याच्या मागे शापही लागला. २००२ साली लॉरीलाच मारून टाकलं. २००७ साली रॉब झॉम्बीने त्याचं दुःखी बालपण दाखवलं. कारणं वाढत गेली आणि भीती आटत गेली, असं माझं ठाम मत आहे. मुखवट्याचंही तेच झालं. १९८८चा गुळगुळीत, कोरा, जणू त्याच दिवशी डब्यातून काढलेला. १९९८च्या भागात तर एका शॉटपुरता तो चक्क संगणकावर काढला. ते पाहताना माझ्या पोटात कालवलं.

या सगळ्यामागे उभा राहिलेला निर्माता मुस्तफा अक्काद, मूळचा सीरियातल्या अलेप्पोचा. इस्लामच्या आरंभावर ‘द मेसेज’ काढणाऱ्या या माणसाने एका नवख्या दिग्दर्शकाच्या भयपटात पैसे घातले. २००५ साली जॉर्डनमधल्या अम्मानच्या हॉटेलांतल्या बॉम्बस्फोटांत तो आणि त्याची मुलगी गेली. मुलगा मलेक याने मालिका सांभाळली.

२००९च्या भागानंतर नऊ वर्षं काहीच आलं नाही. मग दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीनने धीराचं काम केलं: पहिला सिनेमा ठेवला आणि मधले सगळे भाग पुसले. बहीण नाही, शाप नाही. राहिली ती ४० वर्षं दाराला कड्या घालून जगलेली लॉरी. तिच्या भूमिकेत पुन्हा जेमी ली कर्टिस, आता आजी झालेली. संगीताला पुन्हा कार्पेंटर, मुलगा कोडीला सोबत घेऊन. एक कोटी डॉलरांत केलेल्या या सिनेमाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच साडेसात कोटींच्या वर कमावले.

आणि मुखवटा? ख्रिस्तोफर नेल्सनने तो नवा केला, पण म्हातारा केला. कपाळावर सुरकुत्या, गाल ओघळलेले, पांढरा रंग मळून विटलेला. माझ्या ट्रंकेतला राक्षस असाच दिसतो. ४० वर्षं पडून राहिलेलं रबर कसं दिसतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. मानेवरचं एक भोकही तो विसरला नाही. १९७८ साली लॉरीने विणायची सुई खुपसली होती, तिथलं.