रूमी टोपीची गोष्ट

नववीतल्या एका मुलाने परवा विचारले, "सर, टोपीशिवाय नमाज होते का?" मला घरातला आजोबांचा फोटो आठवला. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात ते लाल, काळ्या गोंड्याची रूमी टोपी घालत.

रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तिथे सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये सरकारी नोकरांच्या डोक्यावरचे पागोटे उतरवून ही टोपी सक्तीची केली. पागोट्याची मुभा उरली ती फक्त उलेमांना. पुढे तीच टोपी मुसलमानपणाची खूण ठरली. सर सय्यद यांच्या अलीगढमध्येही पोहोचली. १९२५ मध्ये केमाल पाशाने कायदा करून तिच्यावर बंदी घातली आणि हॅट आणली. विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली. म्हणजे टोपी हुकमाने आली आणि हुकमानेच गेली.

धर्माचे म्हणाल तर डोके झाकणे हा अदब आहे. पण हजच्या एहरामात पुरुषाचे डोके उघडेच असते!

मी त्या मुलाला म्हणालो, "होते, बेटा. टोपी अदबीची आहे, नमाजेची अट नाही. घालायची की नाही, ते तू ठरव. सरकारने नाही, आणि मोहल्ल्यानेही नाही."