गवती छपरांचं गाव आणि रोजची गस्त

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास आहेच. जागा कशी मिळाली, पहिली सर्वसाधारण सभा कशी गाजली, टँकरच्या पाण्यावर दोन उन्हाळे कसे काढले, हे ज्यांनी अनुभवलं त्यांनीच लिहिलं आहे. मला समितीचा निरोप आला तो असा : "सर, तुम्ही इतिहास शिकवायचात, काहीतरी इतिहासाचं द्या." मग मी दुसऱ्याच एका वस्तीचा इतिहास निवडला. ही वस्ती जपानमध्ये आहे, डोंगरात आहे, आणि आपल्यासारख्या दोन सोसायट्या एकत्र केल्या तर जेवढी माणसं होतील साधारण तेवढीच तिथे राहतात. त्या गावाने आगीपासून स्वतःची राखण कशी केली, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो आपल्याला का लागू पडतो, ते शेवटी सांगतो.

गावाचं नाव ओगिमाची. जपानच्या गिफू प्रांतात, शोगावा नदीच्या काठी शिराकावा-गो म्हणून खोरं आहे, त्यातलं हे मुख्य गाव. मुलगी नोकरीनिमित्त नागोयाला असताना आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा बसने हे गाव पाहून आलो. तिथली घरं पाहिली की आपल्या माणसाला पटकन एक गोष्ट आठवते : नमस्कार. उंच, उभट, दोन्ही बाजूंनी उतरती गवती छपरं, जणू कोणी दोन्ही तळहात जोडून उभं आहे. आणि या बांधणीचं जपानी नावही तेच आहे. 'गाश्शो-झुकुरी' म्हणजे जोडलेल्या हातांसारखी बांधणी. हिवाळ्यात तिथे प्रचंड बर्फ पडतं. ते छपरावर साचून घर दबू नये म्हणून हा तीव्र उतार. छपराच्या लाकडांना खिळा नाही. वासे दोरांनी आणि ओल्या, लवचिक फांद्यांनी आवळून बांधलेले.

आता गंमत पाहा. या घरांत आगीला लागणारं सगळं सामान जागच्या जागी होतं. छपर गवताचं, तेही हाताच्या लांबीहून जाड. आतला सांगाडा लाकडाचा. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. आणि जमिनीखाली खड्डे करून त्यात माती, गवत आणि किड्यांची विष्ठा कुजवून सोरा तयार करत. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध उघडी चूल, तिला 'इरोरी' म्हणतात. तिच्यावर स्वयंपाक, तिच्याभोवती ऊब.

चूल बंद ठेवावी तर तेही परवडणारं नव्हतं. चुलीचा धूर वर चढतो, गवतात मुरतो, कीड लागू देत नाही, दोर आणि लाकूड टिकवतो. ज्या विस्तवाने घर एका तासात जाईल, त्याच विस्तवाच्या धुराने ते टिकायचं. म्हणजे विस्तव घालवणं हा उपाय नव्हताच. विस्तवावर लक्ष ठेवणं हाच उपाय होता.

आपल्या कोकणातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. गवताने शाकारलेली घरं, दर वर्षी पावसाआधीची शाकारणी, त्यासाठी एकमेकांकडे जाणारी वाडीतली माणसं हे आपल्याकडेही होतं. ओगिमाचीत छपर तीस-चाळीस वर्षांनी बदलतात, पण काम इतकं मोठं की शंभर-दोनशे माणसं लागतात. आज तुमच्या घराला मी आलो, उद्या माझ्या घराला तुम्ही या. या देवघेवीला तिकडे 'युई' म्हणतात. आगीची राखण ही या युईचीच दुसरी बाजू. कारण साधं आहे : गवताच्या गावात शेजाऱ्याचं छपर पेटलं की उडालेली ठिणगी कोणाचं घर ते विचारत नाही.

जपानमध्ये नागरिकांनी आग विझवण्याची परंपरा जुनी आहे. आजच्या टोकियोचं जुनं नाव एदो. १६५७ साली एदोमध्ये इतकी भयंकर आग लागली की बहुतेक शहर जळालं आणि लाखभर माणसं गेली असं मानलं जातं. पुढे १७२० साली शहरातल्या सामान्य रहिवाशांच्या अग्निशमन तुकड्या नीट बांधण्यात आल्या. त्यांना जपानी मुळाक्षरांची नावं दिली, आपल्याकडे 'क' तुकडी, 'ख' तुकडी म्हणावं तशी. त्यांत इमारतीच्या सांगाड्यावर चढून काम करणारे कारागीर पुष्कळ असत. कारण तेव्हा आग पाण्याने विझवण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेची घरं पाडून तिची वाट तोडत, आणि घर झटपट पाडायचं तर ते बांधलं कसं जातं हे माहीत असावं लागतं!

१८९४ साली गावोगावच्या अशा गटांसाठी सरकारी नियम आले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची पुनर्रचना झाली आणि त्यातून आजची 'शोबोदान' म्हणजे स्वयंसेवी अग्निशमन पथकं उभी राहिली. यातली माणसं एरवी शेतकरी, दुकानदार, कारकून. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून निघायचं. नावाला थोडा भत्ता मिळतो, त्यावर कोणाचं घर चालत नाही.

ओगिमाचीवर खरं संकट मात्र आगीआधी दुसऱ्याच बाजूने आलं. शोगावा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरणं झाली. १९६१ साली मिबोरो धरण पुरं झालं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. तरुण शहरांकडे निघाले. गवत बदलायला माणसं मिळेनात, तशी जुनी घरं विकली जाऊ लागली, पाडली जाऊ लागली. तेव्हा १९७१ साली ओगिमाचीच्या रहिवाशांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवल्या : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. हे कोणी सरकारने लादलं नव्हतं, गावानेच ठरवलं. सर्वसाधारण सभेत आपण पार्किंगच्या रेघांवरसुद्धा एकमत करू शकत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या ठरावाचं मोल कळतं. १९७६ साली गावाला सरकारी संरक्षित दर्जा मिळाला, आणि १९९५ साली शेजारच्या गोकायामा भागातल्या दोन गावांबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

घर पाडायचं नाही असं ठरवलं, पण जळालं तर? म्हणून संरक्षित दर्जा मिळाल्यानंतरच्या वर्षांत गावभर पाण्याच्या तोफा बसवल्या. एकूण ५९. गावाच्या वरच्या अंगाला टाकी आहे, तिथून पाणी उताराने येतं. पंप नाही, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. प्रत्येक तोफेवर लहानशा लाकडी घराचं आवरण असतं, त्यालाही तसंच जोडलेल्या हातांचं छपर. आम्ही पाहिलं तेव्हा मला ते आधी देवळीसारखं काहीतरी वाटलं होतं.

या तोफांचा उपयोग नीट समजून घेण्यासारखा आहे. पेटलेलं घर वाचवणं हा त्यांचा पहिला हेतू नाही. गवत एकदा आतून पेटलं की ते घर बहुधा गेलंच. तोफा आजूबाजूच्या छपरांवर पाण्याचा पडदा धरतात, म्हणजे ठिणगी पुढे जात नाही. जळणाऱ्याच्या घरासाठी जितक्या, तितक्याच त्या शेजाऱ्याच्या घरासाठी आहेत. दर वर्षी शरद ऋतूच्या अखेरीस, बर्फ पडायच्या आधी, सगळ्या तोफा एकदम सोडून पाहतात. अख्खं गाव पाण्याच्या कमानींखाली झाकलं जातं. त्या दृश्याचे फोटो काढायला लांबून लोक येतात, पण गावाच्या लेखी ती तपासणी असते : कुठली तोफ गंजली, कुठला पाइप गळतो, आणि कोणाला झडप उघडता येत नाही.

पण माझ्या मते गाव राखलं ते तोफांनी नव्हे, गस्तीने. गावातली घरं गटागटांत वाटलेली आहेत आणि गस्तीचं काम आळीपाळीने एका घराकडून दुसऱ्या घराकडे जातं. ज्याचा दिवस असेल त्याने लाकडी टिपऱ्या एकमेकींवर वाजवत फिरायचं आणि 'हि नो योजिन' अशी हाक द्यायची. म्हणजे 'विस्तव सांभाळा हो!' बर्फ असो, पाहुणे असोत, गस्त रोज होते. आता घरोघरी गॅस आणि वीज आहे, तरी ती थांबलेली नाही. रस्त्यावर विडी-सिगारेटला मनाई आहे, ती पर्यटकांनाही लागू. टिपऱ्यांच्या आवाजाने आग विझत नाही हे त्यांनाही कळतं. पण ज्याच्या हातात आज टिपऱ्या आहेत, तो आज प्रत्येक दाराकडे पाहत जातो. कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाच्या अंगणात वाळकं गवत पडलंय, हे त्याला ठाऊक होतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते दुसऱ्याला ठाऊक होतं. असं करत करत सगळ्या गावाला सगळं गाव माहीत असतं.

याची परीक्षा ४ नोव्हेंबर २०१९ रोजी झाली. नदीकडच्या वाहनतळाच्या आवारातल्या एका गवती खोपटाला आग लागली. खोपटं जळाली, पण पाण्याच्या तोफा सुरू झाल्या आणि आग वस्तीतल्या घरांपर्यंत पोचली नाही. त्याआधी चारच दिवस, ३१ ऑक्टोबरला, ओकिनावातला प्रसिद्ध शुरी किल्ला जळून गेला होता. त्यामुळे साऱ्या जपानचं लक्ष या छोट्या गावाकडे गेलं.

चित्र सगळंच छान आहे असंही नाही. १९५० च्या दशकात जपानभर वीस लाखांच्या आसपास स्वयंसेवी अग्निशामक होते, २०२२ साली ते आठ लाखांच्याही खाली आले. खेड्यांत म्हातारी माणसं उरली, तरुण शहरात नोकरीला. ओगिमाचीत पर्यटन वाढलं, पैसा आला, पण टिपऱ्या घेऊन फिरणारे हात पैशाने वाढत नाहीत. युईसुद्धा आता पूर्वीसारखी फक्त गावातल्या माणसांवर भागत नाही. कंत्राटदार आणि बाहेरचे स्वयंसेवक मदतीला घ्यावे लागतात.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला अग्निशमन दलाची थोर परंपरा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर स्फोट झाले, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. अशी माणसं आपल्या मदतीला येणार म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ती येईपर्यंतची मिनिटं आपलीच असतात.

आपलं घर गवताचं नाही, सिमेंटचं आहे, म्हणून आपल्याला आगीची भीती वाटत नाही. पण सिमेंटच्या इमारतीत ज्वाळेआधी धूर मारतो, आणि त्याला वर चढायला आपला जिना हीच चिमणी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या दिवशी आपल्या मीटर रूममधून धूर आला होता, आठवत असेल. दहा मिनिटांत तो चौथ्या मजल्यापर्यंत गेला. जिन्यात सायकली, चपलांची कपाटं आणि कोणाचं तरी जुनं कपाट होतं. बी विंगमधल्या आजींना दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं, तेही त्या अडगळीतून वाट काढत. नशिबाने एवढ्यावर निभावलं.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दाखला द्यावा लागतो. तो आपण देतो, फाइलही नीट आहे. मागच्या सरावाला मात्र चौऱ्याऐंशी घरांतून एकोणीस माणसं आली होती, त्यांत आठ मुलं. मुलांनी मात्र फायरचा लाल पाइप सोडवून, नळ उघडून पाणी मारून दाखवलं. मोठ्यांपैकी किती जणांना तो नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत आहे, हा प्रश्न मी इथेच ठेवतो.

तेव्हा रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक सूचना आहे. तिला खर्च नाही. सुरक्षारक्षक आहेतच, पण महिन्यातून एका रविवारी एका मजल्याने गस्त घालावी. जिना मोकळा आहे का, मीटर रूमसमोर सामान आहे का, विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख काय, गच्चीचं दार उघडतं का, आणि त्या महिन्यात कोण घरी एकटं आहे, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वहीत पाच ओळी लिहायच्या आणि वही पुढच्या मजल्याकडे द्यायची. टिपऱ्या वाजवायची गरज नाही, बेल वाजवली तरी पुरे. सात मजले, दोन विंग, म्हणजे चौदा महिन्यांनी पुन्हा आपला नंबर.

पहिल्या महिन्यासाठी आमच्या मजल्याचं नाव मी सचिवांकडे दिलं आहे. वही दोनशे पानी आणली आहे.