उधारीची सरकारी बँक

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी किराणा दुकानात शोभते. परदेशच्या बाजारात तिच्यावर धंदा चालत नाही. तिथे पंप, इंजिनं, साखर कारखान्याची यंत्रं घेणारं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांची उधारी मागतं. इकडे कारखानदाराला दर महिन्याला पगार वाटायचे असतात. निर्यात बँक जन्माला आली ती या ओढाताणीतून.

पहिली वाट ब्रिटनने पाडली, १९१९ साली. महायुद्धाने युरोपातली गिऱ्हाइकं कंगाल झाली होती, म्हणून निर्यातीच्या उधारीसाठी सरकारनेच वेगळं खातं उघडलं. जगातलं असं ते पहिलं. पुढे फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनला अशी बँक काढली, ती सोव्हिएत रशियाशी व्यापार वाढावा म्हणून. जुन्या कर्जांच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि रशिया राहिला बाजूला. पहिलं कर्ज मिळालं क्यूबाला: अमेरिकी चांदी घेण्यासाठी ३८ लाख डॉलर.

आपल्याकडे आधी विमा आला, मग बँक. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर काय, या धास्तीवर उतारा म्हणून १९५७ मध्ये मुंबईत सरकारी महामंडळ निघालं; तेच आजचं ईसीजीसी. निर्यातीच्या मोठ्या कर्जांचं काम पुढे आयडीबीआय ही सरकारी बँक पाहू लागली. १९८१ मध्ये संसदेने कायदा केला आणि मार्च १९८२ पासून एक्झिम बँकेचा, म्हणजे आपल्या निर्यात-आयात बँकेचा, कारभार सुरू झाला. सगळं भांडवल केंद्र सरकारचं, मुख्य कचेरी मुंबईत कफ परेडला.

या बँकेची खरी करामत मला दिसते ती तिच्या ‘लाइन ऑफ क्रेडिट’मध्ये. सेनेगलच्या भातशेतीला पाणी हवं होतं, तेव्हा किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तिकडे गेले ते अशाच कर्जातून. व्यवहार असा चालतो: कर्ज परदेशी सरकारच्या नावावर चढतं. माल इथून बोटीवर चढतो, बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर चढल्याची पावती) आणि बाकीची कागदपत्रं बँकेत येतात, ती तपासून बँक आपल्याच निर्यातदाराला पैसे चुकते करते. परदेशाला मिळतो माल, आणि तो देश पुढे कित्येक वर्षं हप्ते फेडत राहतो. सर्वसाधारण अट अशी की किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. व्याज सवलतीचं असतं. बाजारातल्या व्याजाशी पडणारा फरक केंद्र सरकार सोसतं आणि परतफेडीची हमीही तेच देतं.

म्हणजे या उधारीत तुमचा-माझा करही आहे. मला तो खर्च रास्त वाटतो, पण त्यातलं काम मोठ्या कंत्राटदारांपाशीच अडून राहू नये. पंप एका कंपनीच्या नावाने जातो. त्याचं बीड ओतणारी फाउंड्री, सुटे भाग घडवणारी लेथ कुठल्याशा एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये असते. कफ परेडला कागद पास झाल्यावर त्या शेडचं बिल किती दिवसांत निघतं, हेही बँकेने विचारायला हवं.